साहित्य कशासाठी वाचावे आणि सुरुवात कशी करावी

शिक्षण संपल्यानंतर ज्यांनी कथा, कादंबरी किंवा कविता क्वचितच हाती घेतली आणि आता ती घ्यावी असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशी माणसे वाचत नसतात असे मुळीच नाही. कामाचे ईमेल, बातम्या, अहवाल, संदेश, समाजमाध्यमांवरचा मजकूर असे त्यांचे वाचन दिवसभर चालूच असते. मात्र या वाचनाने मनाला भराभर पुढे सरकण्याची, कामाचा मुद्दा तेवढा उचलून बाकीचे सोडून देण्याची जी सवय लागते, तीच साहित्य वाचताना आड येते. कादंबरीची वीस पाने वाचून ‘यात काही घडतच नाही’ म्हणून ती मिटवून ठेवणाऱ्या वाचकाला साहित्याची आवड नसते असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो बातमी वाचावी तशी कादंबरी वाचत असतो. म्हणून येथे कोणती पुस्तके वाचावीत याची यादी दिलेली नाही. कसे वाचावे हे कशासाठी वाचायचे यावर अवलंबून असल्यामुळे सुरुवात तेथूनच केली आहे.

पहिली पायरी : हेतू स्पष्ट करणे

अमेरिकी अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वाचनाच्या दोन वृत्तींमधला फरक सांगितला आहे. पहिल्या वृत्तीने वाचताना आपले लक्ष वाचून झाल्यावर हाती काय उरेल याकडे असते. औषधाच्या बाटलीवरील सूचना आपण अशाच वाचतो. दुसऱ्या वृत्तीने वाचताना, वाचन चालू असतानाच आपल्या मनात काय घडते आहे, याकडे लक्ष असते. एकच मजकूर दोन्ही वृत्तींनी वाचता येतो, पण कथा केवळ पहिल्या वृत्तीने वाचली तर हाती फक्त कथानक लागते. कथानकाचा सारांश आज कोणालाही काही सेकंदांत मिळू शकतो आणि तो अचूकही असू शकतो. मात्र तो वाचणाऱ्याने त्या पात्राबरोबर वाट पाहिलेली नसते, त्याच्याविषयी चुकीचा ग्रह करून घेतलेला नसतो आणि पन्नास पानांनंतर तो ग्रह स्वतःच मोडलेलाही नसतो. साहित्यातून जे मिळते ते या घडण्यामोडण्यात असते आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

साहित्याचा उपयोग काय, हा प्रश्न आधुनिक काळाने निर्माण केलेला नाही. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याची, म्हणजे एकूण साहित्याची, सहा प्रयोजने सांगितली आहेत : यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि कांतासंमित, म्हणजे प्रिय पत्नीने करावा तसा, उपदेश. यांपैकी यश आणि धन लेखकाच्या वाट्याला जातात. वाचकासाठी महत्त्वाची ठरतात ती व्यवहारज्ञान, आनंद आणि उपदेश ही तीन, आणि त्यांतही उपदेशाविषयी मम्मटाच्या परंपरेने केलेला भेद मला आजही अत्यंत मोलाचा वाटतो. वेदांचे सांगणे धन्याच्या आज्ञेसारखे असते, इतिहास-पुराणांचे मित्राच्या सल्ल्यासारखे असते, तर काव्याचे सांगणे प्रिय व्यक्तीच्या सांगण्यासारखे असते. ते आपल्याला आधी आपलेसे करते आणि मग आपले मन वळवते. म्हणूनच एखादी कथा वाचून ‘यातून बोध काय घ्यायचा’ असे लगेच विचारणारा वाचक काव्याकडून आज्ञेची अपेक्षा करत असतो आणि त्याची निराशा होणे साहजिकच असते.

साहित्य वाचल्याने इतरांची मने चांगली कळू लागतात, असा दावा हल्ली वारंवार केला जातो. त्याच्या मागे काय आहे ते नवागताला माहीत असावे. २०१३ मध्ये डेव्हिड कॉमर किड आणि इमॅन्युएल कस्टानो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. साहित्यिक कथांचे छोटे उतारे वाचलेल्या लोकांना, केवळ डोळ्यांची छायाचित्रे पाहून माणसाच्या मनातील भाव ओळखण्याच्या चाचणीत अधिक यश मिळाले, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी अधिक मोठ्या संख्येने लोक घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा असा तात्काळ परिणाम आढळला नाही. मात्र ज्यांचा कथासाहित्याशी आयुष्यभराचा परिचय होता, त्यांची कामगिरी त्याच चाचणीत सरस दिसली. आता वाचनामुळे ही समज वाढते की मुळात अशी समज असणारी माणसेच वाचनाकडे वळतात, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. एक कथा वाचली आणि माणूस सुधारला, असे होत नाही, हे मात्र यातून नक्की दिसते. सुधारण्यासाठी म्हणून वाचायला बसणे मला तरी पटत नाही.

माझ्या मते आजच्या जगण्यात साहित्याचे मुख्य काम असे आहे : ते आपल्याला एखाद्या माणसाजवळ, त्याच्याविषयी निकाल देण्याची घाई न करता, बराच वेळ थांबायला लावते. एरवी दिवसभर आपल्यापुढे माणसे येतात ती मत मागत येतात. कोणी काहीतरी बोलते किंवा करते आणि आपण काही क्षणांत बाजू घेतो, पसंती-नापसंती नोंदवतो आणि पुढे जातो. कादंबरीत मात्र खोटे बोलणाऱ्या माणसाचे खोटे बोलण्याआधीचे दोन तास आपण त्याच्या आत राहून काढतो. त्याचे वागणे तरीही चूकच वाटेल, पण ते परके वाटणार नाही. हा अनुभव माहितीच्या रूपात कोणी कोणाला देऊ शकत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या हा अनुभव येण्यासाठी आहेत.

दुसरी पायरी : पहिले पुस्तक निवडणे

बऱ्याच नवागतांची सुरुवात एखाद्या सहाशे-सातशे पानी, सर्वांनी महान म्हटलेल्या ग्रंथाने होते आणि तिथेच ती संपते. मोठ्या ग्रंथांविषयी आदर असावा, पण ते थोडे थांबू शकतात. पहिले पुस्तक म्हणून कथासंग्रह किंवा सव्वाशे-दीडशे पानांची कादंबरी घ्यावी. कथा एका बैठकीत संपत असल्यामुळे तिची सुरुवात आणि शेवट एकाच वेळी मनात राहतात आणि त्यामुळे पुढे सांगितलेली वाचनाची रीत आत्मसात करणे सोपे जाते. भाषा आपल्या काळाच्या जवळची असावी. जुन्या भाषेतील कृती गोड असल्या तरी त्यांना कान सरावावा लागतो, त्यामुळे त्या तिसऱ्या-चौथ्या पुस्तकासाठी ठेवाव्यात.

पुस्तक घेण्याआधी त्याची पहिली तीन पाने आणि मधले कोणतेही एक पान वाचून पाहावे. मलपृष्ठावरील मजकुरापेक्षा या चार पानांतून अधिक कळते. भाषा आपल्याशी बोलते आहे असे वाटले, निदान पुढच्या वाक्याविषयी उत्सुकता वाटली, तर पुस्तक घ्यावे. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव आवर्जून पाहावे आणि एकाच कृतीचे दोन अनुवाद उपलब्ध असतील तर दोन्हींचा पहिला परिच्छेद ताडून पाहून जो आपल्या भाषेत सहज वाहतो तो घ्यावा. रहस्यकथा किंवा विज्ञानकथा आवडत असेल तर तिच्यापासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. वाचनाचा दम परत मिळवण्यासाठी ती उत्तमच असते.

तिसरी पायरी : वेळ आणि साधन

दिवसातून वीस मिनिटे पुरेशी आहेत. इंग्रजीतील मूक वाचनाच्या १९० अभ्यासांचा जो आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कथात्म मजकूर वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २६० शब्द असा आढळला. मराठी वाचताना आणि तेही सावकाश वाचताना मिनिटाला दीडशेच शब्द धरले, तरी वीस मिनिटांत तीन हजार शब्द, म्हणजे एक मध्यम लांबीची कथा वाचून होते. वेग वाढवण्याच्या तंत्रांमागे लागू नये. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष असा की वेग फार वाढवला तर आकलन कमी होते. साहित्याच्या बाबतीत तर वेगाने वाचण्याचे प्रयोजनच नसते.

कागद की पडदा, यावरून वाद घालण्याचीही गरज नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकूण एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले, पण कथात्म मजकुराच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. त्यामुळे ई-बुक खुशाल वाचावे. फोनवर वाचायचे असेल तर सूचना बंद ठेवाव्यात आणि कागदी पुस्तक वाचायचे असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. ऑडिओबुकही चालते, मात्र त्यात एखाद्या वाक्यापाशी थांबून मागे जाणे अवघड असल्यामुळे सुरुवातीच्या काळात छापील मजकूर हाताशी असावा, असे मी सुचवेन.

चौथी पायरी : सावकाश वाचणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. सावकाश वाचणे म्हणजे नेमके काय करणे, हे दाखवण्यासाठी या लेखापुरताच एक छोटा उतारा मी रचला आहे :

‘पत्र वाचून आईने ते घडी घालून पाकिटात ठेवले. सकाळीच पुसलेली खुर्ची तिने पुन्हा एकदा पुसली. “तुझ्या काकांना याच खुर्चीत बसायला आवडायचे,” ती म्हणाली. मी विचारले, “आवडायचे?” ती आत निघून गेली.’

घाईने वाचणारा ‘काका वारले’ एवढे टिपून पुढे जाईल. आता तेच पुन्हा वाचून पाहू. पत्रात काय लिहिले होते ते सांगितलेलेच नाही. बातमी आपल्यापर्यंत पोहोचते ती ‘आवडायचे’ या भूतकाळातून, आणि ती सर्वप्रथम पोहोचते मुलापर्यंत, कारण त्याने तोच शब्द उचलून परत विचारला आहे. दुःख, धक्का, अश्रू यांपैकी एकही शब्द उताऱ्यात नाही; आहे ती पुसलेली खुर्ची पुन्हा पुसण्याची एक निरर्थक हालचाल. आई ‘तुझे काका’ म्हणते, म्हणजे ती त्या माणसाचा उल्लेख मुलाच्या नात्याने करते. तिचे स्वतःचे त्याच्याशी काय नाते होते, त्यात किती जिव्हाळा किंवा किती अबोला होता, हे ती बोलत नाही. निवेदन करणारा ‘मी’ हे सारे घडत असताना सांगतो आहे की पुष्कळ वर्षांनी आठवून, हेही अजून कळलेले नाही. आणि मुख्य म्हणजे, काका वारलेच आहेत असे तरी कुठे म्हटले आहे? ते घर कायमचे सोडून गेले असतील, किंवा नाते तोडल्याचे त्यांनीच कळवले असेल. पुढचे पान वाचेपर्यंत वाचकाने या सर्व शक्यता एकत्र जवळ बाळगायच्या असतात. अनिश्चिततेत असे काही काळ राहता येणे, हेच साहित्यवाचनातले खरे कौशल्य आहे.

प्रत्येक वाक्य असे उलगडून पाहण्याची गरज नाही, तसे केले तर कादंबरी कधीच पुरी होणार नाही. मात्र पहिल्या काही पानांत स्वतःला थोडे प्रश्न विचारण्याची सवय लावावी. सांगणारा कोण आहे आणि त्याला काय माहीत असू शकत नाही? कोणती गोष्ट सांगायचे टाळले आहे? लेखक कुठे भरभर जातो आणि कुठे रेंगाळतो? यांपैकी शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. दहा वर्षे एका वाक्यात ओलांडणारा लेखक अर्ध्या तासाच्या एका भेटीला दहा पाने देतो, तेव्हा कृतीचे हृदय त्या दहा पानांत असण्याची शक्यता मोठी असते. नवागत नेमका तिथेच कंटाळून पाने उलटतो.

रेंगाळण्याचे कारण रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी १९१७ च्या एका निबंधात फार नेमके सांगितले आहे. सवयीमुळे आपल्याला भोवतालच्या गोष्टी जाणवेनाशा होतात, त्या आपण केवळ ओळखतो आणि पुढे जातो. कला त्या पुन्हा जाणवून देण्यासाठी असते आणि त्यासाठी ती आकलनाची प्रक्रिया मुद्दाम अवघड आणि लांब करते. हे लक्षात आले की लांब वर्णनाचा किंवा वळणावळणाच्या वाक्याचा राग येत नाही.

पाचवी पायरी : अडल्यावर काय करावे

अनोळखी शब्द आला की लगेच शब्दकोश उघडू नये. संदर्भावरून अंदाज बांधून पुढे जावे आणि तोच शब्द तिसऱ्यांदा आला तर अर्थ पाहावा. पात्रे पुष्कळ असतील तर एका कागदावर त्यांची नावे आणि नाती लिहून तो कागद पुस्तकातच ठेवावा. कंटाळा आला तर तो कुठून आला आहे ते पाहावे. दिवसाच्या शिणाचा कंटाळा असेल तर पुस्तक उद्या उघडावे. संथ गतीचा असेल तर आणखी एक प्रकरण वाचून पाहावे, कारण काही लेखकांच्या लयीत शिरायला वेळ लागतो. लेखन खरोखरच कृत्रिम किंवा पोकळ वाटत असेल तर ते निःशंकपणे सोडून द्यावे. पुस्तक पूर्ण करणे हे वाचकाचे कर्तव्य नाही.

जुन्या साहित्यात आज न पटणाऱ्या, प्रसंगी संताप आणणाऱ्या समजुती भेटतात. तिथे थांबून, ती समजूत पात्राची आहे, निवेदकाची आहे की लेखकाचीच आहे, हे आधी पाहावे. लेखकाची असली तर त्याच्याशी मनात वाद घालावा आणि वाचत राहावे. सहमतीशिवाय समजून घेण्याचा सराव इतका चांगला दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

सहावी पायरी : कविता आणि नाटक

कवितेची रीत थोडी वेगळी आहे. अर्थाच्या मागे लागण्याआधी ती दोनदा मोठ्याने वाचावी. ओळ संपली म्हणून थांबू नये, वाक्य जिथे संपते किंवा स्वल्पविराम जिथे येतो तिथे थांबावे. अनेक कविता अवघड वाटतात त्या केवळ ओळीच्या टोकाशी विनाकारण थांबल्यामुळे. मग कोणता शब्द अनपेक्षित आहे ते शोधावे आणि त्याच्या जागी नेहमीचा शब्द घालून पाहावे. काय बिघडले हे कळले की कवितेत शिरण्याची वाट सापडते. एका वेळी एक-दोन कविताच वाचाव्यात. आवडलेली कविता हाताने वहीत उतरवून काढावी, कारण उतरवताना हात हळू चालतो आणि एरवी नजरेतून निसटलेले विरामचिन्हसुद्धा दिसते.

नाटक वाचताना जो बोलतो त्याच्याइतकेच जो गप्प आहे त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

सातवी पायरी : वाचून झाल्यावर

शेवटचे पान संपताच परीक्षणे किंवा इतरांची मते शोधू नयेत. एक दिवस जाऊ द्यावा आणि मग वहीत चार-पाच वाक्ये लिहावीत. कथानक लिहू नये, ते कुठेही मिळते. कोणता प्रसंग मनातून जात नाही, कोणत्या ठिकाणी लेखकाचे पटले नाही, कोणत्या पात्राविषयीचे मत कुठे बदलले, हे पान क्रमांकासह लिहावे. त्यानंतर पुस्तकाचे पहिले पान पुन्हा उघडून वाचावे. शेवट माहीत असताना पहिले पान जवळजवळ नवे वाटते, आणि चांगल्या लेखकाने पुढची किती पेरणी तिथेच करून ठेवली होती ते दिसते. कथा असेल तर ती संपूर्णच पुन्हा वाचावी.

शक्य झाल्यास त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या एखाद्या वाचकाशी बोलावे आणि बोलताना पुस्तक समोर उघडे ठेवावे. ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ याच्या पुढे चर्चा न्यायची असेल तर ‘तुम्हाला असे कोणत्या वाक्यामुळे वाटले?’ हा एकच प्रश्न पुरतो. दोघांनी एकाच पात्राविषयी अगदी उलट मते केलेली असतात आणि दोन्ही मतांना पुस्तकात आधार सापडतो, तेव्हा बाहेरच्या माणसांविषयीची आपली ठाम मतेही थोडी सैल होतात.

संस्कृत काव्यशास्त्रातील आचार्य अभिनवगुप्ताने सहृदय, म्हणजे साहित्याचा मनापासून आस्वाद घेऊ शकणाऱ्या, वाचकाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ झालेला असण्यावर भर आहे. त्यामुळे, आपल्याला साहित्यातले काही कळत नाही, अशी खंत ज्या नवागताला वाटते त्याने ती बाळगू नये. ही पात्रता वाचता वाचताच येते आणि ती आधीपासून अंगी असण्याची अट कोणी घातलेली नाही.

आठवी पायरी : पुढचे पुस्तक

वर्षाला अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्प करू नये, त्याने पातळ पुस्तके निवडण्याकडे आणि भराभर संपवण्याकडे कल जातो. त्याऐवजी आवडलेल्या पुस्तकाला धरून पुढे जावे. त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक घ्यावे, किंवा मुलाखतीत अथवा प्रस्तावनेत त्याने ज्या लेखकाचे ऋण मान्य केले असेल त्याच्याकडे वळावे. दोन-तीन पुस्तके आपल्या ओळखीच्या जगातली झाली की एक पुस्तक अगदी दूरच्या जगातले, अनुवादित, आपल्यासारखे एकही माणूस ज्यात नाही असे निवडावे. चालू पुस्तकाची शेवटची काही पाने उरलेली असतानाच पुढचे पुस्तक आणून ठेवावे, कारण वाचनाची सवय मोडते ती बहुधा दोन पुस्तकांच्या मधल्या काळात. जे पुस्तक अर्धवट सोडले असेल, त्यात जिथे थांबलो त्या पानावर तारीख लिहून ठेवावी आणि वर्षभराने तेच पान पुन्हा वाचून पाहावे.